सोडा गावच्या सरपंच

जयपूर शहरात, मग ते खातीपुरा असो की आणखी कुठली वस्ती, निवडणूक आली की चर्चा होते ती पार्षदाची. आपण ज्याला नगरसेवक म्हणतो, त्याला तिकडे पार्षद म्हणतात. तुंबलेले गटार आणि बंद पडलेला दिवा, दोन्हींची तक्रार त्याच्याच दारी. पण शहरापासून साठेक किलोमीटरवर, टोंक जिल्ह्यातील मालपुरा भागात सोडा नावाचे गाव आहे. २०१० साली त्या गावच्या निवडणुकीने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. तेथील उमेदवार होत्या छवी राजावत. वय जेमतेम तिशीचे, अंगात जीन्स आणि हाती पुण्यात घेतलेली एम.बी.ए.ची पदवी!

छवी यांचे शालेय शिक्षण ऋषी व्हॅली आणि अजमेरचे मेयो कॉलेज मुलींची शाळा येथे झाले. पुढे दिल्लीचे लेडी श्रीराम कॉलेज, मग पुणे आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांतील नोकऱ्या. अशा मुलीला गावाने का बोलवावे? कारण घरातच होते. त्यांचे आजोबा ब्रिगेडियर रघुबीरसिंह सैन्यातून निवृत्त झाल्यावर सोडा गावचे सरपंच झाले होते. त्यांच्या काळात झालेली कामे लोक विसरले नव्हते. त्यानंतरची वीस वर्षे मात्र कोरडीच गेली, असे गावकऱ्यांचे मत होते. सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले, तेव्हा मंडळींनी ब्रिगेडियरसाहेबांच्या नातीलाच गळ घातली. सरपंचाची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे घराण्याची ओळख हीच मोठी शिदोरी ठरली. ही शिदोरी सगळ्यांच्या नशिबी नसते, हेही सांगायला हवे.

पाणी आधी, बाकी मग

निवडून आल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. गावचा तलाव गाळाने भरला होता आणि आदल्या वर्षी पाऊसही कमी झाला होता. टोंक जिल्ह्याच्या अनेक भागांत भूजलात फ्लोराइड जास्त, त्यामुळे विहीर खोदली तरी पाणी पिण्याजोगे निघेलच असे नाही. गंमत पाहा, बनास नदीवरील बीसलपूर धरण याच जिल्ह्यात आहे आणि २००९ पासून त्याचे पाणी जयपूरकरांच्या नळाला येते!

तलाव उपसायचा तर खर्च पंचायतीच्या आवाक्याबाहेरचा. सरकारी मदत वेळेवर मिळेना. शेवटी वडील, आजोबा आणि घरोब्यातील काही मंडळींनी पैसे घातले आणि तलावाच्या एका भागातील गाळ निघाला. त्यानंतर शौचालये, रस्ते, वीज आणि गावात बँकेची शाखा अशी कामे पुढे सरकली. मार्च २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात दारिद्र्यावरील परिषदेत छवी बोलल्या, तेव्हा तर त्यांचे नाव जगभर झाले. २०१५ साली गावाने पुन्हा त्यांनाच निवडले.

शेजारच्या जिल्ह्यातील नौरतीबाई

त्याच २०१० मध्ये शेजारच्या अजमेर जिल्ह्यातील हरमाडा गावी नौरतीबाई सरपंच झाल्या. त्या दलित, मजुरी करणाऱ्या, शाळेची पायरीही न चढलेल्या. १९८१च्या सुमारास दुष्काळी कामावर मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत होते. त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत त्या पुढे होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ साली निकाल मजुरांच्या बाजूने लागला. तिलोनियाच्या संस्थेत त्या मोठेपणी लिहायला-वाचायला शिकल्या, एवढेच नव्हे तर संगणकही चालवू लागल्या. सरपंच झाल्यावर ही विद्या पंचायतीच्या कामी आली.

असे असताना डिसेंबर २०१४ मध्ये, निवडणूक तोंडावर आली असता, राजस्थान सरकारने अध्यादेश काढला. सरपंचपदाच्या उमेदवाराला आठवी पास असणे सक्तीचे झाले. फक्त आदिवासी अनुसूचित क्षेत्रात पाचवीची सवलत मिळाली. ज्या बायकांच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, त्यांच्याकडे दाखला कुठून येणार? महिलांना पन्नास टक्के जागा द्यायच्या आणि दारात दाखला मागायचा, हा न्याय अजबच! पाच वर्षे कारभार केलेल्या नौरतीबाई २०१५ मध्ये उमेदवारी अर्जही भरू शकल्या नाहीत. नियमाविरुद्ध दाद मागितली गेली, पण निवडणूक थांबली नाही.

२०१९ साली नव्या सरकारने ही अट काढून टाकली. तोपर्यंत २०१५ मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदत संपत आली होती.