डिपरचा पल्ला

नव्या गाडीसोबत जे जाड पुस्तक मिळतं, त्यात देखभालीची दोन कोष्टकं असतात. पहिलं नेहमीच्या वापराचं. बहुतेक गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला, वगैरे. हे सर्व्हिस सेंटरवाल्यांना तोंडपाठ असतं. दुसरं कोष्टक काही पानं पुढे, कुणाचं सहसा लक्ष जात नाही अशा जागी असतं. ते खडतर वापराचं. धुळीचा रस्ता, चिखल, सतत छोट्या फेऱ्या, कडक ऊन, भरपूर ओझं. असं असेल तर एअर फिल्टर लवकर साफ करा, ऑइल लवकर बदला, ब्रेक वरचेवर बघा. ते पान लिहिणाऱ्यानं झरी बघितली नसणार, पण वर्णन झरीचंच आहे.

झरी परभणी तालुक्यातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण पंधरा-वीस किलोमीटरवर, म्हणजे इंजिन नीट तापतं न तापतं तोच बंद करायची वेळ येते. रस्त्याचं काम इतकी वर्षं रेंगाळलं की धूळ अंगवळणी पडली. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर. आणि गाडी निघाली की ‘अजून एक जण बसतो की’ हे ठरलेलं. दुसऱ्या कोष्टकातली एकही अट चुकत नाही.

माझ्या ओळखीचे एक चालक इथून भाड्याची गाडी चालवतात. छोटी मोटार, पिवळी पाटी, एमएच २२. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात. इथेही तेवढंच पुरे. दवाखान्याची भाडी जास्त. पहाटे परभणी, कधी नांदेड, कधी छत्रपती संभाजीनगर. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून मी बराच फिरलो आहे, पण मला खरं बघायला आवडतं ते चावी फिरवण्याआधीचं काम.

मामा आधी गाडीकडे बघतच नाहीत. मोबाइलची बत्ती लावून गाडीखालची जमीन बघतात. एसीचं पाणी रात्री टपकलं असेल तर सकाळपर्यंत वाळून जातं. पहाटेही ओला दिसतो तो डाग दुसऱ्या कशाचा तरी. काळा असेल तर ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कुलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर ओल दिसली तर ब्रेक ऑइल, आणि मग भाडं कुणाचंही असो, गाडी हलत नाही. मग बॉनेट. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवायची, ऑइल दोन खुणांच्या मधे आहे का बघायचं. सपाट जागी आणि इंजिन थंड असताना. याला पाच मिनिटं लागतात. गावातल्या कितीतरी गाड्यांना ही पाच मिनिटं फक्त खंडेनवमीला मिळतात, आणि तीही धुण्यात अन् झेंडूचा हार बांधण्यात जातात.

टायरपाशी मात्र ते रेंगाळतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतं. त्यावर कमी माणसं असताना किती हवा आणि गाडी भरलेली असताना किती, हे बऱ्याच गाड्यांत वेगवेगळं लिहिलेलं असतं. हा आकडा गार टायरचा. वीस किलोमीटर पळवून, उन्हात तापलेल्या टायरात हवा मोजली तर काटा वर दिसतो, आणि पंपावरचा पोरगा ती काढून टाकतो. उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे टायर फुटत नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की शिकलेली माणसंही ती छातीठोकपणे सांगतात. होतं उलटं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते, पुन्हा ताठ होते, आणि या सततच्या दबण्यानं आतलं रबर तापतं. मामांच्या शब्दांत, “हवा कमी केली की टायर जास्त मळल्या जातंय. मळलं की तापतंय. वरून रस्ता तापलेला, अन् गाडीत सहा माणसं. मग त्यानं फुटावं नाही तर काय करावं, सर?”

टायरचं वयही असतं, हे मला त्यांनीच दाखवलं. बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी छान दिसते, पण रबर उन्हानं कडक झालेलं, बारीक भेगा पडलेल्या, असे टायर जुन्या बाजारात ‘कमी चाललेले’ म्हणून विकले जातात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. मोजपट्टी लागत नाही, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते वरच्या पातळीला आले की संपलं. आणि गाडीतला सगळ्यात म्हातारा टायर बहुधा डिकीत झोपलेला असतो. स्टेपनीची हवा शेवटची कधी बघितली, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि गावाकडच्या या सवयी एकदम उघड्या पडल्या. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासनं चालणारा कमी हवेचा टायर वर्षानुवर्षं निभावतो. तोच टायर काँक्रीटवर १२० च्या मर्यादेला टेकून तासभर पळवला की निभावत नाही. टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा परिवहन विभागाला महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. आपल्याकडची गाडी जालन्याला समृद्धीवर चढते. तिथं कुणी तपासो न तपासो, मामा आदल्या संध्याकाळीच तपासतात.

पाण्याचं प्रकरण वेगळं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. घागरीच्या, माठाच्या बुडाला पांढरी खपली धरते ती सगळ्यांना दिसते. रेडिएटरमध्ये धरते ती दिसत नाही. तरी रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की बादली बोअरचीच येते. कुलंट म्हणजे रंगीत पाणी, असं समजणाऱ्यांना मामा डिकीतला डबा काढून दाखवतात. कुलंट गंज धरू देत नाही, आणि पाण्यापेक्षा वरच्या तापमानाला उकळतं. शिवाय रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण फिरवलं की तो दाब एका क्षणात जातो आणि आतल्या पाण्याची वाफ थेट तोंडावर येते. काटा लाल रेघेकडे सरकला तर एसी बंद करून गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. मागे बसलेल्यांची दवाखान्याची घाई असली तरी.

उंदरांबद्दलही थोडं सांगून टाकतो. धान्याच्या कोठीशेजारी उभी राहणारी गाडी म्हणजे त्यांना थंडीतली गरम खोली. वायरी कुरतडल्या जातात, शॉर्टसर्किट होतं. मामा बॉनेटमध्ये तंबाखूची पानं टांगतात. उपयोग किती होतो ठाऊक नाही, पण त्या निमित्तानं बॉनेट रोज उघडलं जातं.

ब्रेकबद्दल लोक बेफिकीर असतात, कारण “आपल्याकडं घाट कुठाय?” पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, घाट असो नसो. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही. ओलावा शिरला की हीच मर्यादा दीडशेच्या आसपास येते. भरल्या गाडीला वारंवार ब्रेक लावले आणि ते उकळलं, की नळीत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. खर्च एका टायरच्या कितीतरी पट कमी.

आता माणसांकडे वळू. मामांच्या गाडीत मागच्या सीटचे बेल्ट वर दिसतात. बाकीच्या गाड्यांत ते सीटकव्हरखाली गाडलेले असतात, कारण कव्हर शिवणाऱ्याला त्यांचं काही देणंघेणं नसतं. मामांनी ब्लेडनं कव्हर कापून बकल बाहेर काढले. तरी लावायला सांगितलं की आजी म्हणते, “गुदमरायलंय, बाबा.” मग मामा मुंडेसाहेबांचं नाव काढतात. ३ जून २०१४ ला दिल्लीत विमानतळाकडे जाताना गोपीनाथ मुंडे अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते. त्यांची परळी इथून लांब नाही, त्या दिवशी अख्ख्या मराठवाड्यात चुली पेटल्या नव्हत्या, हे आजीला आठवतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले, तेही मागेच बसले होते. दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं नंतर सांगण्यात आलं. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्रीय कायद्यात बेल्ट न लावण्याचा दंड हजार रुपये आहे. पण आजीवर दंडाचा परिणाम होत नाही, मुंडेसाहेबांच्या नावाचा होतो.

बाळंतपणाचं भाडं असलं की ते स्वतः उतरून सांगतात: खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडावर; वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेनं. पोटावरून आडवा कधीच नाही. आणि परतीला बाळ मांडीवर असलं की वेग आपोआप कमी होतो, कारण धडक बसली तर आईचे हात त्याला धरू शकत नाहीत हे त्यांना माहीत आहे. उन्हात गाडी लावून बाळाला ‘दोन मिनिटं’ आत ठेवणाऱ्यांवर मात्र ते चक्क ओरडतात. बंद काचांच्या गाडीत अर्ध्या तासात आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते. परभणीच्या मे महिन्यात त्याचा अर्थ काय, तो हिशेब करायचीही गरज नाही.

रस्त्यावर आल्यावर आपली काळी माती हिशेबात घ्यावी लागते. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, म्हणून रस्ता जागोजाग लाटा घेतो. पावसाळ्यात साइडपट्टी वरून कोरडी दिसते आणि आत लोणी झालेली असते. समोरून ट्रक आला आणि डावी चाकं खाली उतरली, तर माणूस घाबरून स्टेअरिंग उजवीकडे झटकतो, गाडी कडेवरून उसळून थेट समोरच्या ट्रकच्या रांगेत जाते. मामा चाकं खाली गेली तर खालीच राहू देतात. अॅक्सिलेटर सोडतात, ब्रेकला हात आखडता, वेग उतरला की हळूच वर घेतात. सोयाबीनच्या सुगीत पाऊस पडला की ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो. त्यावर ब्रेक दाबला की गाडी फिरते. आणि ओढ्याच्या पुलावरून पाणी जात असेल तर ते थांबतात, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. गुडघ्याच्या खालचं वाहतं पाणीसुद्धा छोटी मोटार उचलतं. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, आत शिरलेलं पाणी इंजिन मोडून टाकतं.

रात्रीचं काम मात्र सगळ्यात अवघड. ताशी ८० नं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काही दिसलं, ते काय आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेलाच. पुढे चांगल्या टायरची, कोरड्या रस्त्यावरची गाडी थांबायला आणखी ३५-३६ मीटर. म्हणजे साठेक मीटर. समोरून वाहन येतंय म्हणून डिपर लावला असेल, तर त्याचा उजेड जेमतेम ४०-५० मीटर पोचतो. थोडक्यात, दिसलं तेव्हा उशीर झालेला असतो. ताशी ६० नं हाच आकडा ३७ वर येतो आणि उजेडात मावतो. उसाची वाहतूक सुरू झाली की मामा रात्री साठच्या वर जात नाहीत. समोरच्यानं अप्पर मारून डोळे दिपवले, तर नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतात आणि वेग अजून कमी करतात. “आपल्याला दिसतंय तेवढाच आपला रस्ता,” असं ते म्हणतात.

पण साठनं चालवूनही त्यांच्या हातात सगळं नाही. गाळपाच्या दिवसांत एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारा ऊस, आणि त्या उसाखाली झाकलेला रिफ्लेक्टर, असेल तर. त्यातली एखादी ट्रॉली चाक निसटून रस्त्यातच उभी राहते. भोवती दगड मांडले जातात, सकाळी ट्रॉली निघून जाते आणि दगड तसेच राहतात. पुढच्या रात्री ते कुणाच्या तरी डिपरच्या पल्ल्याबाहेर असतात.

म्हणून ज्यांच्या घरी ट्रॉली आहे, त्यांना एवढंच सांगणं. हंगाम सुरू व्हायच्या आत मागच्या फळीला, लोंबत्या उसाखाली झाकणार नाही इतक्या खाली, लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. ट्रॉली रस्त्यात मोडली तर दगड जरूर ठेवा. आणि निघताना ते उचलून बांधावर टाका.