उशीर कोठे होतो?

१९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही तेथे आपले केंद्र काढले. आज त्या नगरीत अनेक मराठी तरुण-तरुणी संगणकयंत्रणांची राखण करीत असतात. त्यांना अधिक छळतो तो बंद पडलेल्या यंत्राचा दोष नव्हे, तर मधूनच अडखळणाऱ्या यंत्राचा.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे नोंदींचे भांडार सांभाळणारा संगणक. त्याच्याशी जोडणी एरवी निमिषार्धात होते. परंतु एखाद्या वेळी काही सेकंद लागतात, खिडकीशी उभा असलेला ग्राहक ताटकळतो, आणि तपासावयास जावे तो सारे सुरळीत! अशा वेळी सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. त्याने दोष काही काळ झाकला जातो आणि पुरावाही नाहीसा होतो.

वास्तविक उशिराचा आकडाच दोषाकडे बोट दाखवितो. जोडणीची पहिली हाक वाटेत हरवली, किंवा सर्व्हरच्या दाराशी रांग भरल्यामुळे टाकली गेली, तर बहुधा नकार येत नाही. केवळ स्तब्धता असते. मग हाक मारणारा संगणक एक सेकंद थांबून पुन्हा हाक मारतो. नंतर रूढ नियमाप्रमाणे दोन सेकंदांनी, नंतर चार. म्हणून उशीर पुष्कळदा एक, तीन वा सात सेकंदांचा भरतो. २०११ पूर्वीच्या नियमात पहिला थांबाच तीन सेकंदांचा होता.

उशीर पाच सेकंदांच्या आसपास असेल, तर संशय नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सेवेवर घ्यावा. लिनक्समध्ये तिच्या उत्तराची वाट मुळात पाच सेकंद पाहिली जाते. मायएसक्यूएल तर आलेल्याच्या अंकी पत्त्यावरून उलट त्याचे नाव शोधते व ते लक्षात ठेवते. त्यामुळे पहिला खोळंबतो, पुढचा सहज जातो. हा शोध बंद करता येतो. मात्र मग परवानग्या अंकी पत्त्यांवर द्याव्या लागतात.

आकड्यात काहीच नियम दिसला नाही, तर अडचण पुष्कळदा घरातच असते. प्रोग्रामने राखून ठेवलेल्या साऱ्या जोडण्या गुंतलेल्या असतात आणि सर्व्हर मात्र निवांत असतो. तेथे काम उरकूनही जोडणी परत न करणारा भाग शोधावा.

तेव्हा नाव शोधणे, जोडणी, ओळख पटविणे आणि प्रत्यक्ष प्रश्न या चार पायऱ्यांचा वेळ निरनिराळा टिपून ठेवावा. उपाय त्यानंतरचा.