एका दाराची चारी

यवतला पुणे-सोलापूर रस्त्यालगत २००४ साली आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा टेबलावर मॉनिटर एकच होता, जुन्या काचेचा आणि वजनदार. दुरुस्तीला मात्र दिवसाला पाच-सहा सीपीयू यायचे. पतसंस्थेचे, शाळेचे, गुऱ्हाळाचे. गुऱ्हाळाचा लगेच ओळखू यायचा. झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर चिपाडाची काळी राख चिकटलेली, ब्रशनंही न निघणारी.

विंडोज एक्सपी टाकायला घेतलं की पडद्यावर ३९ मिनिटं बाकी असल्याचं यायचं. तेवढा वेळ मॉनिटर त्या एका मशीनला बांधलेला. त्यात भारनियमन. दुसरा मॉनिटर खिशाला परवडत नव्हता आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही झेपला नसता.

तपकीर गल्लीतून आधी मुठीचा डबा आणला. मूठ फिरवली की मॉनिटर, कीबोर्ड, माउस दुसऱ्या मशीनला जोडले जायचे. पण चालू मशीनचा पीएस-टू माउस काढून परत लावला तर तो बहुधा गोठतो, आणि मूठ फिरवणं म्हणजे काढून लावणंच होतं. ज्या मशीनकडे मूठ नसेल, ते सुरू होतानाच कीबोर्ड सापडत नाही म्हणून अडून राही.

पुढे इलेक्ट्रॉनिक केव्हीएम स्विच आला. कीबोर्ड, व्हिडिओ, माउस यांची ती आद्याक्षरं. हा स्विच प्रत्येक मशीनला कीबोर्ड-माउस जागेवरच असल्याचं भासवतो. स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं, मग आकडा. पहिल्यांदा आठ मशीन एकदम इन्स्टॉलला लावली, त्या संध्याकाळी दुकान बंद करवेना.

धाकटा भाऊ दुकानात आला आणि माणसं दोन झाली. तोवर मॉनिटरही दोन झाले होते. दोन बैठकींचा, म्हणजे दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या मशीनवर बसता येईल असा, आठ पोर्टांचा स्विच घेतला. त्याच्या एका पोर्टातून वायर काढून मागे दुसरा आठाचा स्विच जोडला. पुढे सात, मागे आठ, एकूण पंधरा. याच रीतीनं आठाच्या मुख्य स्विचमागे आठ स्विच लावले तर चौसष्ट मशीन होतात, असं माहितीपत्रकात होतं. मला ते खरं वाटलं, आणि मशीनपुरतं ते खरंही होतं. पण मागच्या स्विचवरच्या मशीनवर मी बसलो की भावाला तिथलं एकही मशीन मिळेना. दोन दिवस वायरी बदलल्या, पिना तपासल्या.

त्याच आठवड्यात रात्रीची पाळी होती. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन सुटलेलं, मी दारं धरायला गेलो होतो. शेजारचे आबा बांधावर थांबलेले, त्यांनाही तेव्हाच पाणी हवं होतं. आबा म्हणाले, "दार एक अन् भिजणारे दोन. कसं व्हायचं?" मी तिथंच उभा राहिलो. आमची ती मधली वायर म्हणजे एका दाराची चारी होती. मागे मशीन कितीही असोत, तिच्यातून एका वेळी एकच माणूस पलीकडे जाणार.

मग मागचा स्विचही दोन बैठकींचा घेतला आणि मध्ये दोन वायरी टाकल्या. त्यात पुढचा आणखी एक पोर्ट गेला. पंधराची चौदा मशीन झाली, पण दोघंही मोकळे झालो. अमेरिकेत एपेक्स आणि सायबेक्स या कंपन्या २००० साली एकत्र येऊन अव्होसेंट ही कंपनी झाली, तिचे मोठे स्विच सर्व्हर रूममध्ये असत. तिथंही हिशेब हाच: माणसं किती, आणि त्यांच्यासाठी वाटा किती. मशीनची संख्या त्यानंतर येते.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट थांबवला. त्या उन्हाळ्यात चौदाही पोर्ट भरलेले असत. त्याच धांदलीत माझ्या हातून पाचऐवजी सहा नंबरचं मशीन फॉरमॅट झालं. ते भावाचं काम होतं. एका गिऱ्हाइकाचा दोन वर्षांचा हिशेब गेला. त्यांच्या घरी जाऊन सांगताना तोंडातून शब्द फुटत नव्हता. तेव्हापासून पाटकऱ्यासारखी वही घातली: पोर्ट, गिऱ्हाईक, कोण बसलंय.

आता एसएसडीवर विंडोज काही मिनिटांत पडतं, मॉनिटर स्वस्त झालेत, निम्मं काम भाऊ घरूनच दुसऱ्याच्या पडद्यावर शिरून करतो. स्विच टेबलाखाली आहेत. सहाव्या पोर्टावरची चिकटपट्टी पिवळी पडलीय. तिच्यावर मी पेननं लिहिलेलं 'विचारून' अजून वाचता येतं.