सुरुंगबंदीचा करार

भूसुरुंग हें मोठें कपटी शस्त्र आहे. तह होतो, सैन्यें घरीं परततात, पण शेतांत पुरलेला सुरुंग तसाच दबा धरून असतो. आणि कित्येक वर्षांनीं त्यावर पाय पडतो तो बहुधा एखाद्या गुराख्याचा, नाहीं तर सरपण वेंचणाऱ्या मुलाचा. माणसांना उडविणाऱ्या या सुरुंगांवर बंदी यावी म्हणून १९९२ सालीं युरोप-अमेरिकेंतील सहा बिनसरकारी संस्था एकत्र आल्या. पांचच वर्षांनीं, डिसेंबर १९९७ मध्यें, ऑटावा येथें बंदीच्या करारावर सह्या झाल्या, आणि ही चळवळ व तिच्या संघटक जोडी विल्यम्स यांना त्या वर्षीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. खाजगी संस्थांच्या राजकीय सामर्थ्याचा दाखला म्हणून हीच हकीकत नेहमीं सांगण्यांत येते.

ती खोटी नाहीं, अपुरी मात्र आहे. कारण १९९६ सालीं सर्व राष्ट्रांना वर्षभरांत करार पुरा करण्याचें आमंत्रण दिलें तें कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉईड ॲक्सवर्दी यांनीं. सरकारानें दार उघडलें म्हणून संस्था आंत गेल्या. ऑस्लोच्या वाटाघाटींत त्यांच्या प्रतिनिधींस बसतां आलें, बोलतांही आलें; मताचा अधिकार तेवढा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेंतील ७१ व्या कलमांतही अशा संस्थांशीं विचारविनिमय करण्याचीच सोय आहे, आणि तीही आर्थिक व सामाजिक मंडळापुरती. युद्ध-शांततेचा निर्णय करणाऱ्या सुरक्षा समितीचें त्यांत नांवही नाहीं!

ज्यांच्या कोठारांत सुरुंगांचे ढीग होते तीं राष्ट्रें—अमेरिका, रशिया, चीन—बाहेरच राहिलीं. भारत व पाकिस्तानही राहिले; २००१ च्या डिसेंबरांत संसदेवर हल्ला झाल्यावर आपल्या सैन्यानें पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले. आणि युक्रेनवरील रशियाच्या स्वारीनें धास्तावलेल्या लिथुएनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड व पोलंड या करारांतल्याच राष्ट्रांनीं २०२५ सालीं बाहेर पडण्याची नोटीस दिली. कराराच्या २० व्या कलमाप्रमाणें शांततेच्या काळांत त्यास सहा महिन्यांची मुदत पुरते.

मग चळवळीच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं काय? तसें नव्हे. दीडशेंहून अधिक राष्ट्रें करारांत आहेत. बाहेर राहिलेल्या भारतानेंही या सुरुंगांची निर्यात थांबविली. शिवाय १९९९ पासून चळवळीतर्फे दरवर्षीं अहवाल निघतो. कोणीं सुरुंग पेरले, किती माणसें जायबंदी झालीं, याची नोंद त्यांत देशवार असते. दंड करण्याचा अधिकार चळवळीस नाहीं. पण ही वही तिच्या हातून कोणत्याही सरकारास काढून घेतां आलेली नाहीं.