मूल येत नसेल तर शाळेनं जावं

नेतृत्वाचा विषय निघाला की सेनापती, उद्योगपती, राजकारणी आठवतात. मला ताराबाई मोडक आठवतात. बालवाडीच्या बाईंकडून नेतृत्व काय शिकायचं, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, पुष्कळ शिकण्यासारखं आहे.

१९४५ साल. ताराबाई ५३ वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार उभं राहिलं. मॉन्टेसरींची पद्धत त्यांच्या हाती पक्की बसली होती, नावही झालं होतं. तेच काम आणखी चार शहरांत वाढवलं असतं, तरी लोकांनी वाहवाच केली असती.

आम्हा कवींना हा मोह चांगला ठाऊक आहे. एकदा टाळी मिळालेली ओळ सोडवत नाही. दर मैफलीत तीच म्हणावीशी वाटते, आणि कवी तिथंच थांबतो. पुढाऱ्याचंही तसंच होतं. अपयशानं माणूस निदान विचारात तरी पडतो, यश त्याला जागच्या जागी बसवून ठेवतं.

ताराबाई मात्र मुंबई सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी गाव गाठलं होतं ती गरीब वस्तीतली मुलं येईनात. आईबाप कामावर गेलेले, मुलांना आणून सोडणार कोण? अशा वेळी ‘लोकांनाच शिक्षणाची कदर नाही’ म्हणून हात झटकणं सोपं असतं. ताराबाईंनी लोकांना दोष दिला नाही, रीत बदलली. वर्ग उचलून वस्तीतल्या अंगणात नेला. तीच अंगणवाडी. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे, पानं यांचीच साधनं झाली.

पुढे डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत, नवी अडचण उभी राहिली. मुलं गुरांमागे रानात जात. मग शिक्षकही त्यांच्या मागं कुरणात गेले, आणि कुरणशाळा झाली. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असे, त्यामुळं त्यांची शाळा बुडे. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आली.

यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. जागा बदलली, साधनं बदलली, वेळ बदलली. पण मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीनं शिकतं आणि त्याचा मान राखायचा असतो, हे तत्त्व जसंच्या तसं राहिलं. तत्त्व कुठलं आणि सवय कुठली, हे ज्याला ओळखता येतं तोच न डगमगता बदलू शकतो. ज्याला ते कळत नाही, तो एक तर सगळंच घट्ट धरून बसतो, नाहीतर वारा येईल तसा फिरतो.

१९७३ साली ताराबाई गेल्या, पण काम थांबलं नाही. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत वाढवलं. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

आपल्यापैकी कुणी बचतगट चालवतं, कुणी शाळा, कुणी एखादं कार्यालय. वर्षातून एकदा स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांतलं कोण येत नाही, आणि का? आपण जे धरून बसलो आहोत ते तत्त्व की नुसती सवय? आणि उद्या आपण नसलो, तर हे पुढं नेणारं माणूस तयार आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खुर्चीत बसून मिळत नाही. त्यासाठी त्या अंगणापर्यंत चालत जावं लागतं.