ब्लॅक-आयड सुझन : लाड कमी, ऊन जास्त

जून सरत आला की उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातली माळरानं, रस्त्यांचे कडेपट्टे पिवळेधमक होऊ लागतात. त्या पिवळेपणात मोठा वाटा असतो ब्लॅक-आयड सुझनचा, म्हणजेच रुडबेकिया हिर्टाचा. १९१८ पासून हे मेरीलंडचं राज्यफूल आहे. ज्यांच्या अंगणात भरपूर ऊन येतं, त्यांनी ते जरूर लावावं. मात्र त्याच्याविषयीचे काही समज आधी तपासून घेतलेले बरे, कारण हे झाड दुर्लक्षानं क्वचित जातं. बहुतेकदा जातं ते अतिकाळजीनं.

गैरसमज : आपल्याकडच्या नर्सरीत ‘ब्लॅक-आयड सुझन’ म्हणून मिळणारी वेल ती हीच.

वस्तुस्थिती : ती वेल थनबर्जिया अलाटा. मूळची आफ्रिकेतली आणि अडुळसा, अबोली, कोरांटीच्या कुलातली. रुडबेकियाचं कुल सूर्यफूल, झेंडू, शेवंतीचं. तो वेल नाही, दोन-तीन फूट वाढणारं, खरखरीत लव असलेलं झुडपासारखं रोप आहे. बी मागवताना शास्त्रीय नाव पाहूनच घ्यावं.

गैरसमज : हे एक फूल आहे आणि त्याचा मधला डोळा काळा असतो.

वस्तुस्थिती : हा शेकडो इवल्या फुलांचा मेळा आहे. भोवतीची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक वांझ फूल, तर मधल्या गडद तपकिरी घुमटावर बी धरणारी फुलं दाटीनं बसलेली असतात. भिंगातून पाहिलं तर घुमटावर परागाचं पिवळं कडं दिसतं. मधली फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे ते कडं दिवसागणिक वर सरकतं. पाकळ्यांचा बुडखा अतिनील किरणं शोषून घेतो. आपल्याला पाकळी सगळी पिवळीच दिसते, पण मधमाशीला मध्याभोवती गडद वर्तुळ दिसतं आणि तिला नेमकं कुठं उतरायचं ते कळतं.

गैरसमज : एकदा लावलं की तेच झाड वर्षानुवर्षं टिकतं.

वस्तुस्थिती : रुडबेकिया हिर्टा अल्पायुषी आहे. बहुधा पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी फुलं आणि मग शेवट. वाफा हिरवा राहतो तो पडलेल्या बियांतून उगवणाऱ्या नव्या रोपांमुळे. दीर्घकाळ टिकणारं झाड हवं असेल तर रुडबेकिया फुल्गिडा लावावं. त्याचा ‘गोल्डस्टर्म’ हा वाण १९९९ साली अमेरिकेत ‘वर्षाचं बहुवर्षायू रोप’ म्हणून निवडला गेला होता. तीन-चार वर्षांनी त्याचे गड्डे विभागून लावले की झाड पुन्हा जोम धरतं.

गैरसमज : भारी माती, भरपूर खत आणि रोज पाणी दिलं की फुलंही भरपूर येतात.

वस्तुस्थिती : जास्त नत्र मिळालं की पानं माजतात, दांडे मऊ पडून लोळतात. मध्यम कसाची, पाण्याचा निचरा होणारी जमीन पुरते. चिकणमातीतही हे तगतं. गरज आहे ती दिवसाला किमान सहा तास थेट उन्हाची. पहिल्या हंगामात मुळं खोल जाईपर्यंत नियमित पाणी द्यावं, पुढे फक्त लांबलेल्या कोरड्या दिवसांत. बी मातीत पुरू नये. त्याला उजेड लागतो, म्हणून मातीवर भुरभुरून हलकेच दाबावं.

गैरसमज : पानांवर काळे डाग पडले म्हणजे झाड गेलं.

वस्तुस्थिती : हे डाग बहुधा सेप्टोरिया या बुरशीचे असतात. त्यांनी झाडाची शोभा जाते, जीव सहसा जात नाही. डागाळलेली पानं काढून टाकावीत, रोपांत हवा खेळेल एवढं अंतर ठेवावं आणि पाणी पानांवर न उडवता बुडाशी घालावं.

गैरसमज : फुलं सुकली की सगळं छाटून वाफा स्वच्छ करायचा.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात सुकलेली फुलं खुडली की बहर लांबतो, हे खरं. पण हंगामाची शेवटची बोंडं ठेवावीत. हिवाळ्यात गोल्डफिंच पक्षी त्यातलं बी वेचतात, आणि उरलेलं बी पडून पुढच्या पिढीची रोपं येतात. जिथं रोपं नको असतील, तिथली बोंडं तेवढी बी पिकण्याआधी कापावीत.

तेव्हा अंगणातली सर्वांत उन्हाची जागा निवडा. खताची पिशवी बाजूला ठेवा, पहिलं वर्षभर पाण्याकडे लक्ष द्या आणि शरद संपताना कात्री आवरा. मधमाश्या आणि पक्षी येतीलच. आणि शेजाऱ्यांना वाटायला बीही हाताशी उरेल.