विश्वारंभाचा निवाडा कोणाच्या अखत्यारीत?

ज्या शहराला मोगल अमदानीत ‘मक्केचा दरवाजा’ म्हणत आणि जिथून हाजींची गलबते तापीच्या मुखातून अरबस्तानाकडे निघत, त्या सुरतेत जैनांची देरासरे, पारशांच्या अग्याऱ्या, बोहऱ्यांच्या मशिदी आणि वैष्णवांच्या हवेल्या पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदत आल्या आहेत. परंतु हे विश्व कोठून आले, असे त्या चार उंबरठ्यांवर कोणी विचारले, तर त्याला चार निरनिराळी उत्तरे मिळतील. जैन दर्शनाच्या मते विश्व अनादि आहे, त्याला कोणी कर्ता नाही, आणि जीव, पुद्गल, आकाश, काल इत्यादी द्रव्ये आपापल्या नियमाने सदैव परिणाम पावत असतात. पारशांचा ‘बुंदहिश्न’ हा ग्रंथ अहुरमज्दाने आकाश, जल, पृथ्वी, वनस्पती, पशू आणि मनुष्य या क्रमाने सृष्टी रचल्याचे सांगतो आणि तिच्या कालमर्यादेचे बारा हजार वर्षांचे कोष्टकही देतो. इस्लामच्या श्रद्धेप्रमाणे ईश्वराने ‘हो’ म्हणताच वस्तू अस्तित्वात येते. आणि वल्लभाचार्यांच्या शुद्धाद्वैतात ब्रह्म स्वतः विकार न पावता लीलेने जगद्रूप होते. ही उत्तरे परस्परविरुद्ध असूनही शेजार मोडला नाही, कारण त्यांतील एकाही उत्तरावर सुरतेची हुंडी वटत नव्हती की गलबताची दिशा ठरत नव्हती. तंट्याचा प्रसंग उद्भवतो तो एखादे उत्तर आपली हद्द ओलांडून परक्या मुलखात अंमल बसवू पाहते तेव्हा.

या हद्दीची एक उल्लेखनीय मोजणी याच शहरात झाली आणि ती करणाऱ्यांत एक मराठी गृहस्थ प्रमुख होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे पुढे सरकारी नोकरीत सुरतेस आले आणि तेथे दुर्गाराम मेहताजी या निर्भय गुजराती शिक्षकाशी त्यांचा स्नेह जडला. दोघांनी समविचारी मित्रांसह २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभेची स्थापना केली. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, प्रत्येकास विचारस्वातंत्र्य असावे आणि आपले आचरण विवेकाशी सुसंगत असावे, ही तिची तत्त्वे होत. याच सभेने शहरातील मांत्रिकांना आणि जादूटोणा करणाऱ्यांना आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावे, असे जाहीर आव्हान दिले.

या आव्हानाचे मर्म बारकाईने पाहण्याजोगे आहे. सभेचे सभासद नास्तिक नव्हते. प्रार्थनेला पुरावा मागावा, असे त्यांनी कधी म्हटले नाही. मंत्राने सर्पविष उतरते किंवा भूत पळते, असा जो भौतिक जगाविषयीचा दावा असेल, तो मात्र भौतिक जगाच्याच चावडीवर तपासला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ईश्वर मानणाऱ्यांनी हा भेद करावा, यात विसंगती नसून उलट श्रद्धेची प्रतिष्ठा राखण्याचा तोच एक मार्ग होता. कारण जी श्रद्धा मांत्रिकाच्या चमत्कारावर उभी राहते, ती त्या चमत्काराबरोबरच कोसळते.

आता हीच कसोटी विश्वोत्पत्तीच्या प्रश्नाला लावून पाहू. महास्फोटाचा सिद्धांत म्हणून ओळखले जाणारे विज्ञानाचे आजचे म्हणणे असे की, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आज दृष्टीस पडणारे सारे विश्व अत्यंत तप्त आणि अत्यंत घन अवस्थेत होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत, निवत आले आहे. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणाची गणिती मांडणी केली. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दूरच्या दीर्घिका अंतराच्या प्रमाणात वेगाने दुरावत असल्याचे दाखविले. आणि १९६५ मध्ये पेंझियस व विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांकडून सारख्याच प्रमाणात येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण जाहीर केले, ज्याचे तापमान निरपेक्ष शून्याहून केवळ पावणेतीन अंश वर आहे. तप्त आरंभावस्थेची ही निवालेली खूण होय. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: हा सिद्धांत त्या तप्त अवस्थेपासून पुढची हकीकत सांगतो, शून्यातून काही निर्माण झाले, असा दाखला तो देत नाही, कारण त्याहून मागे जाताना आज ज्ञात असलेले भौतिकीचे नियमच अपुरे पडतात.

या सिद्धांताला प्रतिस्पर्धी नव्हता असे नाही, आणि त्या प्रतिपक्षाच्या अग्रभागी एक कोल्हापुरात जन्मलेला मराठी शास्त्रज्ञ होता. फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर-स्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावत असता नवे द्रव्य संथपणे निर्माण होत राहते आणि त्याची घनता कायम राहते. हॉइल यांचे केंब्रिजमधील शिष्य जयंत नारळीकर यांनी गुरूंसमवेत १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती मांडली आणि १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह स्थिर-स्थितीच्या विचाराची सुधारलेली आवृत्ती पुढे आणली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी पुराव्यांच्या बळावर महास्फोटाचा पक्ष स्वीकारला. तथापि पराभूत पक्षाची कमाई लहान नव्हती. महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच निपजते. मग कार्बन आला कोठून? हॉइल यांनी उत्तर ताऱ्यांच्या गाभ्यात शोधले. तीन हेलियम-केंद्रके एकत्र येऊन कार्बन व्हावयाचा, तर कार्बनच्या केंद्रकाला एका विशिष्ट ऊर्जेची उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे, असे भाकीत त्यांनी केले, आणि १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत ती अवस्था खरोखरच सापडली. सुरतेतील वराछा आणि कतारगाम येथील कारखान्यांत ‘घंटी’ नावाच्या चाकावर ज्याला पैलू पाडले जातात, तो हिरा म्हणजे शुद्ध कार्बन; त्याचा प्रत्येक अणू पृथ्वीच्या जन्माआधी कोणत्या तरी ताऱ्याच्या पोटात घडलेला आहे, हे आपल्याला त्या ‘हरलेल्या’ पक्षाच्या पुढाऱ्याने शिकविले.

विज्ञानाचे निष्कर्ष असे बदलत असता त्यांच्यावर श्रद्धेची इमारत चढविण्याचा मोह मात्र सर्वत्र दिसतो. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी महास्फोटात ईश्वरी निर्मितीचे समर्थन पाहिले. लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू असूनही त्यांना ही सांगड रुचली नाही, कारण आपला सिद्धांत अशा धार्मिक प्रश्नांपासून अलिप्त राहावा, असे त्यांचे मत होते. आपल्याकडेही कोणी वेदांत महास्फोट शोधतो, तर कोणी अनादि विश्वाच्या तत्त्वाला स्थिर-स्थितीचे प्रमाणपत्र जोडतो. पण उद्या ते प्रमाणपत्र रद्द झाले तर मूळ तत्त्वही रद्द समजावयाचे काय, याचा विचार कोणी करीत नाही.

तत्त्वज्ञानाची कामगिरी येथे सुरू होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाविषयी बोलता बोलता शेवटी, परम व्योमातील अध्यक्षाला तरी हे ठाऊक असेल काय, अशी शंका घेऊन थांबते. सांख्यांचा सत्कार्यवाद कार्य कारणात आधीच असते असे म्हणतो, तर वैशेषिक ते नव्याने उत्पन्न होते असे म्हणतात. हा वाद दुर्बिणीने मिटणारा नाही, कारण ‘कारण’ आणि ‘उत्पत्ती’ या कल्पनांचा अर्थच येथे विचाराधीन आहे. तत्त्वज्ञान नवी साक्ष आणीत नाही. कोणती साक्ष कोणत्या दाव्याला लागू पडते, याची ते छाननी करते.

दादोबांनी उत्तरायुष्यात, १८७८ साली, स्वीडनच्या स्वीडेनबोर्गच्या धर्मविचारांवर लंडनमध्ये एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. याच स्वीडेनबोर्गने १७३४ मध्ये सूर्यमालेच्या उत्पत्तीची भौतिक उपपत्तीही मांडली होती. त्या उपपत्तीचा तपशील शास्त्राने केव्हाच मागे टाकला. त्याच्या धर्मविचारांचे मोल मात्र वाचक त्या मापाने करीत नाहीत. एकाच मनुष्याच्या दोन लेखनांना दोन भिन्न कसोट्या लागू पडतात, ही गोष्ट ओळखली म्हणजे पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

नारळीकरांनी २००८ च्या सुमारास पुण्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या सहकार्याने, फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, ती मानवधर्म सभेच्या आव्हानाच्याच कुळातली होती. त्यात सहभागी झालेल्या २७ ज्योतिषांना कुंडलीवरून हुशार आणि मतिमंद मुले ओळखावयाची होती. त्यांचे यश सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून अधिक नव्हते. ज्या शास्त्रज्ञाने इतरांच्या दाव्यांना ही कसोटी लावली, त्याने आपल्या विश्वोत्पत्तीच्या मतालाही तीच लावून घेतली आणि कोणत्या निरीक्षणाने ते खोटे ठरेल, हे वेळोवेळी सांगितले. जगावे कसे आणि कृतज्ञ असावे कोणाप्रती, हे सांगणाऱ्या श्रद्धेकडे हरण्याची अशी तयारी मागण्याचे प्रयोजन नाही. परंतु श्रद्धेच्या नावाने जो कोणी विज्ञानाचे दाखले पुढे करतो, त्याच्याकडे ती अवश्य मागावी.